हातचा एक

माझ्या गणनयंत्राच्या सहाही खिडक्यांत नऊ आणून ठेवले. ९९९९९९. सगळ्यात उजवीकडच्या चाकाच्या आरीत काडी अडकवली आणि एक घर पुढे फिरवलं. टक, टक, टक, टक. चार खिडक्यांत शून्यं आली. पाचव्या खिडकीतला नऊ अर्धा वर सरकला, त्याच्या खालून शून्याचं डोकं दिसू लागलं आणि चाक तिथेच थांबलं. सहावं तर जागचं हललंसुद्धा नाही.

हातचा चार चाकं पार करून गेला आणि पाचव्यापाशी अडला. पुढचे जवळजवळ तीन आठवडे मी त्या एका हातच्याच्या मागे होतो.

लहानपणी बेरीज शिकताना आपण सगळ्यांनी मोठ्याने म्हटलेलं असतं: सात नि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. तेव्हा या शब्दाकडे नीट पाहिलं नव्हतं. हातचा म्हणजे जो अजून कागदावर उतरलेला नाही, हातातच आहे तो. एक बोट मिटून धरायचं आणि पुढच्या घरात गेलं की सोडायचं. जुन्या पद्धतीची गणनयंत्रं हाताने बनवायला लागून मला आता काही वर्षं झाली. एवढ्या काळात एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. या यंत्रांचा सगळा इतिहास म्हणजे त्या मिटलेल्या बोटाचा इतिहास. मोजणं चाकाला येतंच. दहा दात्यांचं चाक दहा वेळा ढकललं की फिरून पहिल्या जागी येतं, त्यात शोधून काढण्यासारखं काही नाही. पण 'माझा फेरा पुरा झाला, आता तू एक घर सरक' हे एका चाकाने शेजारच्या चाकाला सांगायचं कसं? मोठमोठ्या माणसांची वर्षंच्या वर्षं या एका प्रश्नात गेली.

मी सुरुवात केली ती सगळ्यात सोप्या उत्तरापासून. चाकाला एकच लांब दात ठेवायचा. फेरा पुरा होताना तो मधल्या एका छोट्या चाकाला लागतो आणि ते छोटं चाक पुढच्या चाकाला एक घर सरकवतं. ही युक्ती जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या विल्हेल्म शिकार्ड यांची. हे गृहस्थ हिब्रूचे प्राध्यापक, शिवाय खगोलशास्त्र आणि नकाशे यांतही बुडालेले. सप्टेंबर १६२३ मध्ये त्यांनी खगोलशास्त्रज्ञ केप्लरला पत्र लिहून या यंत्राची हकिगत कळवली. दहाचे, शंभराचे हातचे ते आपले आपण कसे पुढे नेतं हे तुम्ही इथे असतात आणि पाहिलं असतंत तर हसला असतात, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे. ते वाक्य मी वाचलं तेव्हा मला या माणसाबद्दल एकदम जवळीक वाटली, कारण दोन चाकांमधला पहिला हातचा माझ्यासमोर गेला तेव्हा मीही एकटाच मोठ्याने हसलो होतो. पुढच्या वर्षीच्या पत्रात मात्र वाईट बातमी आहे. केप्लरसाठी करायला दिलेलं यंत्र अर्धवट असतानाच रात्री लागलेल्या आगीत जळून गेलं. १६३५ मध्ये प्लेगने शिकार्ड गेले, घरातली माणसंही गेली, आणि यंत्राची आठवण कागदांत गाडली गेली. विसाव्या शतकात केप्लरची कागदपत्रं चाळताना ती रेखाटनं सापडली आणि १९६० साली त्यांवरून चालतं यंत्र पुन्हा तयार झालं.

माझं प्लायवुडचं यंत्र दोन चाकांवर सुरेख चाललं. तीन चाकांवरही चाललं. सहा चाकं बसवली, सगळीकडे नऊ आणले आणि एक मिळवायला गेलो, तेव्हा पहिलं चाक फिरवणाऱ्या माझ्या बोटाला सहाही चाकं एकाच क्षणी ढकलावी लागली. प्रत्येक जोडीतलं घर्षण, चाकाला घरात धरून ठेवणाऱ्या प्रत्येक खटक्याची स्प्रिंग, सगळ्यांचा भार त्या एका बोटावर आणि पहिल्या लांब दातावर. जोर लावला आणि दात मुळापासून तुटला. तो तुकडा मी टाकला नाही, अजून डबीत आहे. शिकार्डच्या रचनेची अडचण मी आधी वाचलेली होती. वाचलेलं होतं म्हणजे कळलेलं होतं असं मात्र नाही. ती अडचण बोटाच्या पेरात दुखेपर्यंत मला कळली नव्हती.

शिकार्डने पहिलं पत्र लिहिलं त्याच वर्षी, १६२३ मध्ये, ब्लेझ पास्काल जन्मला. वडील फ्रान्समधल्या रुआँ शहरात करआकारणीच्या कामावर होते. रात्ररात्र आकडेमोड चालायची, आणि मुलाच्याने ते बघवेना. १६४२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याने यंत्राला हात घातला. त्याच्याच सांगण्यानुसार पन्नासहून जास्त नमुने करून झाले तेव्हा कुठे मनासारखं यंत्र उभं राहिलं. पन्नास! माझे सात झाले आहेत, आणि मधूनमधून धीर सुटतो तेव्हा हा आकडा मी स्वतःला ऐकवतो.

पास्कालचं उत्तर मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात सुंदर उत्तर वाटतं, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. त्याने दोन चाकांच्या मध्ये एक जड भुजा टांगली. फ्रेंचमध्ये तिला तो 'सोत्वार' म्हणतो, मी तिला टपली म्हणतो. एककाचं चाक पुढे पुढे सरकताना त्याच्या बाजूला बसवलेल्या दोन खुंट्या या भुजेला हळूहळू वर उचलत नेतात. निम्मा फेरा झाल्यावर उचलायला सुरुवात होते आणि नऊ येईपर्यंत भुजा पुरती वर गेलेली असते, जणू हात उगारून उभी. नवावरून शून्यावर जाताना खुंट्या तिच्याखालून निसटतात. भुजा स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि पडता पडता पुढच्या चाकाला एक टपली मारते. पुढचं चाक एक घर सरकतं. टक.

यातली खरी गंमत सहा नऊ एकत्र आल्यावर उघडी होते. प्रत्येक चाक नवावर आणताना मी त्याची भुजा आधीच उचलून ठेवलेली असते. म्हणजे पुढे लागणारी ताकद सहा वेगवेगळ्या वेळी, थोडी थोडी करून, आधीच जमा झाली आहे. शेवटचा एक मिळवताना बोटाला पहिली भुजा निसटेल एवढाच धक्का द्यायचा असतो. ती पडते, तिच्यामुळे दुसरं चाक शून्यावर जातं, म्हणून दुसरी पडते, मग तिसरी. बोटावर भार एकाच चाकाचा. आपण म्हणतो ना, हातचा राखून ठेवला. इथे तो खरोखर राखून ठेवलेला असतो, शिशाच्या तुकड्यात, दीड बोट उंचीवर.

प्रत्येक उत्तराची काही किंमत असते, तशी याचीही आहे. टपली एकाच दिशेने मारता येते, त्यामुळे चाकं उलटी फिरवता येत नाहीत आणि वजाबाकी सरळ होत नाही. पास्कालने ती बेरजेतूनच काढली. प्रत्येक खिडकीमागच्या नळकांड्यावर अंकांच्या दोन ओळी असतात, एकमेकींच्या उलट क्रमाने, वरखाली दिसणाऱ्या दोन अंकांची बेरीज नेहमी नऊ. एक सरकती पट्टी दोहोंपैकी एक ओळ झाकते. आता ५३२ मधून १७८ वजा करायचे आहेत समजा. पट्टी सरकवून वजाबाकीच्या ओळीत ५३२ आणा, तर झाकलेल्या ओळीत आपोआप ४६७ असतो. त्यात चाकं पुढेच फिरवत १७८ मिळवा, झाकलेल्या ओळीत ६४५ होतात आणि समोरच्या ओळीत ३५४ दिसतात. ५३२ वजा १७८ बरोबर ३५४. मी हे पहिल्यांदा कागदावर करून पाहिलं, मग पुठ्ठ्याच्या चकत्यांवर, मग पितळेत. तिन्ही वेळा सारखंच नवल वाटलं.

त्याच्या यंत्रांपैकी काही हिशेबाच्या नाण्यांसाठी होती. त्या वेळी फ्रान्समध्ये एका लिव्रचे २० सू आणि एका सूचे १२ दन्ये, म्हणून त्या यंत्रांत उजवीकडची दोन चाकं बारा आणि वीस घरांची, बाकीची दहा घरांची. हातच्याला दहाचंच बंधन नाही हे चाकावर जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला कुठल्याच पुस्तकात दिसलं नव्हतं.

पास्कालने एक कडवट अनुभवही लिहून ठेवला आहे. रुआँमधल्या एका घड्याळजीने नुसत्या ऐकीव माहितीवर त्याच्या यंत्राची नक्कल केली. बाहेरून झकास, घासूनपुसून चकचकीत. आत मात्र काहीच चालत नव्हतं. ती नक्कल पाहून तो इतका खचला की सगळ्या कारागिरांना काढून टाकून त्याने काम थांबवलं. पुढे लोकांच्या आग्रहामुळे पुन्हा हाती घेतलं. त्या घड्याळजीची बाजू आपल्यापर्यंत आलेली नाही. मला त्याच्याबद्दल राग येत नाही, कारण चाक गोल आणि चकचकीत दिसलं की ते बरोबर असणार या मोहात मीही पडलेलो आहे. कानशीचे ओरखडे दिसणारं, पण दाते अचूक अंतरावर असलेलं चाक चालतं. आरशासारखं पॉलिश केलेलं, पण एका दात्याला केसभर चुकलेलं चाक चालत नाही.

दात्यांच्या अंतराबद्दल थोडं सांगतो, कारण या कामातले सगळ्यात जास्त तास तिथे जातात. वर्तुळाचे दहा सारखे भाग करायला कर्कटक घेऊन एकामागून एक खुणा करत गेलं, तर प्रत्येक खुणेत झालेली चूक पुढच्या खुणेत मिसळते. तीस दाते असतील आणि प्रत्येक वेळी मिलिमीटरचा दहावा हिस्सा चुकला, तर शेवटचा दात तीन मिलिमीटर बाजूला. म्हणून मी कागदाची पट्टी घेतो. चाकाच्या कडेभोवती ती घट्ट गुंडाळायची, टोकं एकमेकांवर आली की पात्याने एकाच फटक्यात दोन्ही पदर कापायचे आणि पट्टी उलगडून टेबलावर पसरायची. चाकाचा परीघ आता सरळ रेघ झाला. मग रेघी वहीचं पान घ्यायचं. पट्टीचं एक टोक एका रेघेवर ठेवायचं आणि दुसरं टोक तिच्यापुढच्या बरोबर दहाव्या रेघेला टेकेपर्यंत पट्टी तिरकी करायची. जिथे जिथे रेघा तिला छेदतात तिथे खुणा. भाग सारखेच होतात, मापपट्टीची गरजच नाही, आणि एका खुणेची चूक दुसरीत जात नाही. पट्टी परत चाकाभोवती डकवायची, खुणांवर पंच मारायचा, भोकं पाडायची. पास्कालने दाते कापण्याऐवजी चाकात खुंट्या बसवल्या होत्या, मीही तेच करतो. तारेचे सारखे तुकडे, दोन्ही टोकांना कानस फिरवलेली, भोकात ठोकून बसवलेले.

हे करत असताना मला हटकून ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजात सापडलेलं ते यंत्र आठवतं. १९०१ च्या सुमाराला समुद्रातून वर आलेले गंजके गोळे, आणि त्यांच्यात तीस दातेरी चाकं शिल्लक. त्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या चाकांपैकी एकाला २२३ दाते आहेत, कारण २२३ चांद्रमासांनी ग्रहणांचं चक्र पुन्हा येतं. आता २२३ ही मूळ संख्या. म्हणजे वर्तुळ अर्धं करा, मग पाव करा, तिसरा हिस्सा करा, असली कुठलीच सोय तिथे चालत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ब्राँझच्या पत्र्यावर २२३ खुणा केल्या आणि एकेक त्रिकोणी दात कानशीने काढला. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. दोनशेव्या दात्यापाशी त्याचा श्वास कसा झाला असेल याची मात्र मला थोडी कल्पना आहे.

जर्मन गणिती लायब्निट्सच्या पायऱ्यांच्या नळकांड्याबद्दल मी इथे फार लिहीत नाही, कारण मी ते बनवलेलं नाही. त्याच्या यंत्राने गुणाकार सोपा केला. १६७३ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीत अपुरा नमुना दाखवला. त्याचं टिकून राहिलेलं एक यंत्र तर जर्मनीत गटिंगनमध्ये माळ्यावर विसरून गेलं होतं, ते १८७९ मध्ये छताची दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती लागलं. गंमत म्हणजे तिथेही अडचण हातच्याचीच होती. हातच्यांची रांग लागली की काही हातचे मध्येच अडून राहत आणि पाच कोनांच्या चकत्यांचे कोपरे वर डोकावून सांगत की इथे एक द्यायचा राहिला आहे. तो माणसाने हाताने द्यायचा.

कुर्ट हर्झस्टार्कचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्हिएन्नातल्या गणनयंत्रं बनवणाऱ्या घराण्यातला हा माणूस. १९४३ मध्ये त्याला अटक झाली आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं गेलं. मुठीत मावणाऱ्या यंत्राची कल्पना त्याच्या डोक्यात आधीपासून होती. छावणीत त्याने तिची रेखाटनं केली. तो जगला, आणि युद्धानंतर लिख्टेनश्टाइनमध्ये 'कुर्टा' हे यंत्र तयार व्हायला लागलं. त्याची मूठ किंचित वर ओढून फिरवली की बेरजेऐवजी वजाबाकी होते. आत तेच आहे, नवातून उणे करण्याची पास्कालची युक्ती, तीनशे वर्षांनी एका नळकांड्यात बसवलेली. मी ते यंत्र एकदाच हातात घेऊन फिरवलं आहे. त्याच्या फिरण्यात जो मऊपणा आहे तो मला शब्दांत पकडता येत नाही. माझ्या हातून तसं काही होणार नाही, हे तेव्हाच कळलं.

इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने हातच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. त्याचं यंत्र फक्त बेरीज करतं. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. त्यांच्यातले फरक ३, ५, ७, ९. त्या फरकांचा फरक नेहमी २. म्हणजे दोन मिळवत राहिलं की फरक मिळतात, फरक मिळवत राहिलं की वर्ग मिळतात, गुणाकार लागतच नाही. पण एकतीस अंकी संख्यांचे खांब एकावर एक ओतायचे म्हटल्यावर हातच्यांचा पाऊस पडणार. बॅबेजने बेरीज आणि हातचा यांची वेळच वेगळी केली. आधी सगळे अंक मिळवून घ्यायचे. ज्या चाकाने नऊ ओलांडले त्याच्याजवळची एक छोटी पट्टी नुसती सरकते, आठवण म्हणून. आपण पुढच्या घराच्या डोक्यावर बारीक एक लिहून ठेवतो तसं. मग दुसऱ्या पाळीत एक उभा दांडा फिरतो. त्याच्यावरच्या भुजा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीपुढे एक वळत गेलेल्या असतात. त्या खालून वर एकेका आठवणीला स्पर्श करत जातात आणि राहिलेला एक देत जातात. दांडा फिरताना पाहिला की पाठीच्या कण्यातून लाट वर जावी तसं दिसतं.

त्याच्या हयातीत हे घडलं नाही. पहिल्या यंत्रावर सरकारचे १७ हजार पौंडांहून अधिक खर्च झाले, १८३३ मध्ये कारागीर जोसेफ क्लेमंटशी बिनसलं आणि काम बंद पडलं. दुसऱ्या यंत्राचे आराखडे त्याने १८४७ ते १८४९ मध्ये काढले आणि ते कागदावरच राहिले. लंडनच्या सायन्स म्युझियमने ते १९९१ मध्ये, त्याच्या जन्माच्या दोनशेव्या वर्षी, ओतीव लोखंड, पोलाद आणि ब्राँझमध्ये उभं केलं. भाग यंत्रांवर कापले गेले, पण बॅबेजच्या काळात साधली असती त्याहून जास्त अचूकता त्यांना दिली नाही. आणि ते चाललं. दीडशे वर्षं लोक म्हणत होते की त्या काळच्या कारागिरीला हे झेपलं नसतं. त्यावर कितीही लिहिता आलं असतं. त्यांनी ते बनवून पाहिलं, याबद्दल मला फार आदर आहे.

बॅबेजच्या घरातली एक गोष्ट मला गणनयंत्राइतकीच आवडते. लहानपणी आईबरोबर तो जॉन मर्लिन नावाच्या कारागिराकडे गेला होता. तिथे त्याने चांदीची नाचणारी बाहुली पाहिली आणि ती त्याच्या मनातून गेली नाही. पुढे चाळिशी ओलांडल्यावर ती त्याला लिलावात पुन्हा दिसली. त्याने ती विकत घेतली, दुरुस्त केली आणि दिवाणखान्यात मांडली. शेजारच्या खोलीत त्याच्या गणनयंत्राचा पुरा झालेला तुकडा होता. पाहुणे बाहुलीभोवती जास्त जमत म्हणतात. मला ते स्वाभाविक वाटतं. आकडा आपला आपण बदलला की माणूस चकित होतो, पण लाकडाचा हात आपला आपण उचलला गेला की माणूस गप्प होतो.

स्वयंचलित बाहुल्यांकडे मी वळलो तो एका अक्षरासाठी. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलच्या संग्रहालयात झाके-द्रो यांनी १७६८ ते १७७४ च्या दरम्यान बनवलेला लिहिणारा मुलगा आहे. सुमारे सहा हजार भाग, सगळे त्याच्या पोटात आणि पाठीत. पिसाची लेखणी दौतीत बुडवतो, झटकतो आणि चाळीस अक्षरांपर्यंतचा कुठलाही मजकूर लिहितो. लिहिताना त्याची नजर लेखणीमागे फिरते. प्रत्येक अक्षरासाठी तीन कॅम, म्हणजे वेड्यावाकड्या कडेच्या तीन चकत्या: एक हात डावीउजवीकडे नेते, एक पुढेमागे, आणि तिसरी लेखणी उचलते, टेकवते, दाबते. मजकूर बदलायचा तर एका चाकावरच्या खुंट्या बदलायच्या.

मला ते देवनागरीत हवं होतं. एकच अक्षर. सोपं म्हणून 'ट' निवडलं. उभी छोटी रेघ, तिथूनच वळण, मग लेखणी उचलून वर शिरोरेषा. हे अक्षर मी हजारो वेळा लिहिलं असेन, पण माझा हात ते कसं लिहितो हे मला ठाऊक नव्हतं. पाटावर मोठ्ठं 'ट' काढलं, त्यावर बहात्तर ठिपके घेतले, प्रत्येक ठिपक्याचं आडवं आणि उभं अंतर मोजून चकतीवर दर पाच अंशांनी उतरवलं. ठिपके जोडले तेव्हा चकतीची कड एखाद्या अनोळखी पानासारखी दिसायला लागली. त्या आकारात 'ट' कुठेच दिसत नाही, आणि तरी तो सगळा तिथे आहे.

पहिल्या चकतीवर बोट अडकलं. कडेवर टेकून वरखाली होणाऱ्या दांडीला मी बोट म्हणतो. चढ फार उभा झाला की बोट वर जाण्याऐवजी बाजूला रेटलं जातं आणि घट्ट बसतं. तीस अंशांच्या आत राहावं असा साधारण नियम आहे. उपाय दोनच, चकती मोठी करायची किंवा त्या वळणाला फेऱ्यातला जास्त वेळ द्यायचा. मी वेळ दिला. त्यामुळे वळणापाशी लेखणी हळू झाली आणि अक्षर आधीपेक्षा चांगलं आलं. माझा स्वतःचा हातसुद्धा वळणावर हळू होतो, हे त्यानंतर लक्षात आलं. सगळ्यात जास्त त्रास तिसऱ्या चकतीने दिला, जी फक्त उचलते आणि टेकवते. टेकताना लेखणी आदळली की शाईचा ठिपका पडतो. तिथे कडेला एक लांब, जेमतेम दिसेल असा उतार द्यावा लागला, कानशीने नाही, बारीक पॉलिश पेपरने, पुन्हा पुन्हा पाहत.

माळव्याच्या राजा भोजाच्या नावावर असलेल्या अकराव्या शतकातल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे. हलणाऱ्या पुतळ्या, उडणारं लाकडी पाखरू, सगळं आहे. आणि तिथेच स्पष्ट म्हटलं आहे की यंत्रांची घडण सांगितली नाही ती गुप्ततेसाठी, अज्ञानामुळे नव्हे. हा श्लोक वाचला की मला तळमळ होते. जपानमध्ये १७९६ मध्ये होसोकावा योरिनाओ यांनी चहा आणून देणाऱ्या बाहुलीचे आराखडे छापले, एकेक चाक सुटं करून, स्प्रिंगसाठी देवमाशाच्या तोंडातली लवचीक पट्टी वापरली आहे तेही सांगून. बाहुलीच्या हातावर पेला ठेवला की ती चालू लागते, पेला उचलला की थांबते. ते पान समोर ठेवून आज कुणीही ती बनवू शकतं, आणि लोक बनवतातही. माझ्या प्रत्येक यंत्राची मागची बाजू मी उघडी ठेवतो ती यामुळेच.

पण गुप्ततेशिवायही नावं हरवतात. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये १९२८ साली एका बाहुलीचे आगीत होरपळलेले अवशेष आले. देणाऱ्यांची समजूत होती की ती मेल्झेल नावाच्या कारागिराची आहे. तिथल्या कारागिराने ती खटपट करून चालू केली. बाहुलीने चित्रं काढली, कविता लिहिल्या, आणि एका कवितेच्या चौकटीत फ्रेंचमध्ये लिहिलं: मायार्देच्या यंत्राने लिहिले. आँरी मायार्दे, बनवणारा. त्याआधी सुमारे सव्वाशे वर्षं त्याने ते पितळेच्या चकत्यांच्या कडेवर कोरून ठेवलं होतं. सगळे कागद हरवले तरी हातातली सही तशीच राहिली. हे मी किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही, आणि अजूनही सांगताना आवाज बदलतो.

तर माझं पाचवं चाक. आधी वाटलं टपली हलकी पडते आहे, म्हणून भुजेला आणखी शिसं लावलं. तेव्हा चाक एकाऐवजी दोन घरं उडालं. शिसं काढलं आणि खटक्याची स्प्रिंग सैल केली. मग चाक घरात नीट बसेना, नुसत्या धक्क्याने अंक हलायला लागला. भुजा बाजूच्या पट्टीला घासते का पाहायला तिला काजळी फासली, घासत नव्हती. शेवटी सगळं उतरवलं. भुजा नाही, खटका नाही, फक्त आस आणि चाक. बोटाने एक झटका दिला. दुसरी चाकं अशी दिली की बराच वेळ फिरत राहतात. हे दीड फेऱ्यात थांबलं.

समोरची आणि मागची पितळी पट्टी मी एकत्र आवळून भोकं पाडली होती. पाचव्या भोकाच्या वेळी ड्रिलचं पातं बदलावं लागलं आणि तेव्हा मी पकड सोडून पुन्हा आवळली होती. मागचं भोक पुढच्याच्या रेषेत राहिलं नव्हतं. डोळ्याला दिसत नव्हतं, आस तिरकी दिसत नव्हती, पण ती दोन्ही भोकांच्या कडांना चावत होती. मागचं भोक मोठं केलं, त्यात पितळी बुश, म्हणजे आस ज्यात फिरते ती छोटी नळी, बसवला, दोन्ही पट्ट्या एकत्र आवळून बुशला नव्याने भोक पाडलं. आस घातली, चाक घातलं, झटका दिला. ते फिरत राहिलं. फिरत राहिलं तोवर मी तसाच बसून होतो.

मग सगळं परत जोडलं. सहाव्या चाकालाही मी भुजा लावलेली आहे. कधीतरी सातवं चाक बसवीन म्हणून. सध्या तिच्या पुढे काहीच नाही. सहाही खिडक्यांत नऊ आणले. प्रत्येक वेळी एकेक भुजा वर चढताना आरीतून काडीला जाणवणारा तो हलका भार, सहा वेळा. उजव्या हातात काडी धरली आणि डावा हात यंत्राच्या डाव्या कडेला नेऊन, जिथे सातवं चाक यायचं आहे तिथे, बोट धरलं.

टक, टक, टक, टक, टक. सहा शून्यं. आणि सहावी भुजा माझ्या बोटावर पडली.